कोंबूचं पाणी, मुगाचं गोड कढण आणि शिहुआची जेली : समुद्री शेवाळाची पूर्व आशियाई पेयं घरी करताना

पुण्या-मुंबईच्या कॅफेंत ‘कोंबुचा’ नावाने जी आंबट, फसफसती बाटली मिळते, तिच्यात कोंबू नसतो. गोड केलेल्या चहात जिवाणू आणि यीस्ट यांचा जाड थर वाढवून ते पेय आंबवतात. खुद्द जपानी लोक त्याला ‘कोचा किनोको’ म्हणतात, म्हणजे काळ्या चहावरचं अळंबं. जपानीत चहाला ‘चा’च म्हणतात, आपल्या खेड्यापाड्यांत म्हणतात तसंच. त्यामुळे तिथला खरा कोंबुचा, किंवा सर्रास बोलतात तसा ‘कोबुचा’, म्हणजे कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचा चहा. तो खारट असतो, गरम पितात, आणि त्यात चहाची पत्तीही नसते.

या एका नावाच्या घोळामुळे पूर्व आशियातली शेवाळाची पेयं आपल्याकडे जवळजवळ अनोळखी राहिली. जपानच्या क्योतो शहरात नवीन वर्षाचा पहिला पेला कोंबूच्या गाठीचा असतो. ग्वांगडोंग आणि हाँगकाँगमध्ये उन्हाळा लागला की मुगात कोंबू घालून गोड कढण शिजतं. तैवानच्या ईशान्य किनाऱ्यावर पाणबुड्या बायकांनी खडकांवरून खुडलेल्या ‘शिहुआ’ या शेवाळाची जेली लिंबू-मधाच्या पाण्यात घालून विकतात. ही सगळी पेयं घरी होतात आणि त्यांना फारसं सामानही लागत नाही. फक्त माप पाळावं लागतं. म्हणून चवीच्या आधी मापाबद्दल लिहिते.

आधी माप

कोंबू समुद्रातलं आयोडीन स्वतःत साठवून ठेवतो आणि तेही अफाट प्रमाणात. जपानच्या सरकारी खाद्यतक्त्यात वाळलेल्या मा-कोंबूच्या १०० ग्रॅममध्ये २ लाख मायक्रोग्रॅम आयोडीन दिलेलं आहे. म्हणजे १ ग्रॅममध्ये २,००० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसाची गरज असते १५० मायक्रोग्रॅम. रोज किती आयोडीन पोटात गेलं तर चालेल याची वरची मर्यादा युरोपात ६००, अमेरिकेत १,१०० आणि जपानमध्ये ३,००० मायक्रोग्रॅम धरतात. जपानचा आकडा मोठा आहे, कारण तिथली माणसं लहानपणापासून शेवाळ खातात. आपला आहार तसा नाही. शिवाय आपल्या घरात आयोडीनयुक्त मीठ असतंच. ग्राहकाच्या हाती पडताना त्यात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. १० ग्रॅम मीठ पोटात गेलं की दिवसाची गरज तिथेच भागते.

आता खरी मेख. आयोडीन पाण्यात विरघळतं. कोंबू पाण्यात भिजवला किंवा उकळला की बहुतेक आयोडीन पानातून निघून पाण्यात उतरतं. म्हणजे पान खाऊन पाणी टाकलं तर आयोडीन कमी मिळतं आणि पान टाकून पाणी प्यालं तर जवळजवळ सगळंच मिळतं. पेय म्हणजे नेमकं ते पाणी. शेवाळाच्या भाजीला लावलेला हिशेब पेयाला लावून चालत नाही, आणि आरोग्यदायी म्हणून रोज सकाळी कोंबूचं पाणी पिण्याचा सल्ला देणारे हीच गोष्ट विसरतात.

एकदम जास्त आयोडीन आलं की थायरॉईड ग्रंथी काही काळ आपलं काम आखडतं घेते. निरोगी ग्रंथी थोड्या दिवसांत सावरते. आधीच दुखावलेली ग्रंथी सावरेलच असं नाही. म्हणून थायरॉईडची गोळी चालू असलेल्यांनी, थायरॉईड जास्त काम करतं अशांनी, मानेत गाठ असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी कोंबूची पेयं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. लहान मुलांना ती देऊच नयेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनीही लांब राहावं, कारण कोंबूत पोटॅशियम भरपूर असतं. आमच्या घरात एकीला थायरॉईडची गोळी आहे. तिच्यासाठी मी शेवटी दिलेली जेली करते, ती कोंबूची नाही, आणि तिलाही चायना ग्रासचीच देते.

बाकीच्यांनी काय करावं? मी १०० मिलिलिटरचा छोटा पेला घेते, आठवड्यातून एकदा. पुढची मापं त्याच हिशेबाने दिली आहेत.

कोणता कोंबू घ्यायचा, कसा ठेवायचा

जपानमधला बहुतेक सगळा कोंबू होक्काइदो बेटाच्या थंड समुद्रातून येतो. मा-कोंबू गोडसर आणि जाड असतो. रिशिरी बेटाचा स्वच्छ, जरासा खारट. क्योतोचे स्वयंपाकी त्याला मानतात. राउसूचा रंग आणि चव दोन्ही गडद. हिदाका लवकर मऊ होतो, तो खायला चांगला आणि प्यायला मध्यम. कोरियन दुकानात ‘दाशिमा’ आणि चिनी दुकानात ‘हायदाय’ म्हणून जे मिळतं तेही याच कुळातलं. चिनी हायदाय हे शेती करून पिकवलेलं मा-कोंबूच आहे. जपानी मालापेक्षा स्वस्त असतं आणि त्यात वाळूचे कण असू शकतात. चहासाठी पाकिटावर ‘दाशी कोंबू’ लिहिलेला जपानी किंवा चांगला कोरियन माल घ्या. गोड कढणासाठी हायदाय पुरे.

पाकीट उघडलं की पानावर पांढरी भुकटी दिसेल. अनेकजण ती बुरशी समजून पान नळाखाली खसाखसा धुतात आणि अर्धी चव मोरीत घालवतात. ती भुकटी म्हणजे मुख्यतः मॅनिटॉल, पानातूनच वर आलेला गोडसर पदार्थ. ओल्या फडक्याने पान हलकं पुसायचं, बस. बुरशी वेगळी ओळखू येते : तिला लव असते, ती हिरवट किंवा काळपट दिसते आणि तिला कुबट वास येतो. तसं दिसलं तर पान फेकून द्या.

वाळलेला कोंबू हवेतली ओल पटकन ओढतो. आपल्या पावसाळ्यात, त्यातही कोकणात, उघडं पाकीट आठवड्यात लुळं पडतं. कात्रीने साधारण ३ सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. मध्यम जाडीच्या पानाचा असा एक तुकडा जवळपास १ ग्रॅम भरतो. तरी पहिल्या वेळी वजनकाट्यावर बघून घ्या, कारण जाडी पानागणिक बदलते.

कोंबूचं पाणी आणि कोबुचा

पहिल्यांदा मी कोंबू पातेल्यात टाकून चहासारखा खळखळ उकळला. भेंडीच्या रश्शासारखं तार सुटलेलं पाणी झालं आणि घरभर बंदराचा वास सुटला. दोष कोंबूचा नव्हता. त्याच्या पेशींच्या भिंतींत अल्जिनिक आम्लाची संयुगं असतात, उकळीच्या तापमानाला ती सुटतात आणि पाणी बुळबुळीत होतं. चव देणारा ग्लुटामेट मात्र त्याच्या कितीतरी आधी, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, निवांत उतरतो. तोक्योच्या इंपीरियल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबूच्या पाण्यातूनच ग्लुटामेट वेगळा काढला आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. आपण पितो ती हीच चव.

पाण्याचंही पाहावं लागतं. जड पाण्यातलं कॅल्शियम कोंबूच्या अल्जिनेटला धरून बसतं आणि चव नीट उतरू देत नाही. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला कुरकुर करते, ते पाणी कोंबूलाही चालत नाही. बोअरचं पाणी असेल तर आरओचं किंवा बाटलीतलं घ्या. मुंबईच्या तलावांचं पाणी मऊ असतं, ते गाळून थेट चालतं.

जपानमध्ये स्वयंपाकासाठी एक लिटर पाण्याला १० ग्रॅम कोंबू घेतात. प्यायला मी ४ ग्रॅमच घेते. १०० मिलिलिटरच्या पेल्यात मग जास्तीत जास्त ८०० मायक्रोग्रॅम आयोडीन येतं. युरोपच्या मर्यादेपेक्षा हे जास्तच आहे, पण आठवड्यातून एका पेल्याची सरासरी काढली तर रोजचे साधारण ११५ होतात.

थंड पद्धत :

१. अर्धा लिटर पाण्यात २ ग्रॅम पुसलेला कोंबू टाका. काचेची बाटली सगळ्यात बरी.
२. झाकण लावून फ्रीजमध्ये ८ ते १० तास ठेवा. ओट्यावर ठेवू नका. आपल्या हवेत ते पाणी सकाळपर्यंत आंबू शकतं.
३. तुकडे काढून घ्या. पाणी फिकट पिवळसर, जवळजवळ नितळ दिसलं पाहिजे. दोन दिवसांत संपवा.

गरम पद्धतीला थर्मामीटर लागत नाही. पाव लिटर उकळतं पाणी आणि पाव लिटर साधं पाणी एकत्र केलं की तापमान ६० अंशांच्या आसपास येतं. ते रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ओता, २ ग्रॅम कोंबू टाका, झाकण लावा आणि तासभर विसरून जा. थर्मास ऊब धरून ठेवतो आणि कोंबूला उकळी कधीच भेटत नाही. मला ही पद्धत गॅसवर पहारा देण्यापेक्षा खूप भरवशाची वाटते.

कोबुचा करायला या पाण्यात पेल्यामागे मिठाची एक चिमूट घाला, पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसेपर्यंत गरम करा आणि उतरवा. एवढंच. पहिला घोट फिका वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला जिभेच्या मागच्या भागावर चव रेंगाळते, डाळीच्या वरच्या निवळीसारखी.

जपानी दुकानांत कोबुचाची तयार पावडर डब्यात मिळते. कोंबूची पूड, मीठ, साखर आणि बहुधा वेगळा घातलेला ग्लुटामेट असा तो मसाला असतो. त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास मीठच असतं. रक्तदाबाचा त्रास असलेल्या घरात तो डबा चहाचा म्हणून न ठेवता मिठाच्या डब्याशेजारी ठेवावा. जपानी बायकाही तो पास्त्यात, भातावर, काकडीवर भुरभुरतातच.

उमे-कोबुचा हा त्याचा आंबट भाऊ. उमे या फळाला इंग्रजीच्या नादाने प्लम म्हणतात, पण ते जर्दाळूच्या जास्त जवळचं आहे. मिठात मुरवून उन्हात वाळवलं की त्याचं उमेबोशी होतं. गरम कोबुचात पाव उमेबोशी कुस्करून घालायचं आणि मग वरून मीठ अजिबात घालायचं नाही. उमेबोशी नसेल तेव्हा मी एक मीठ लावलेलं आमसूल टाकते. ते उमे-कोबुचा होत नाही, पण खारट-आंबट आणि कोंबू यांचं जमतं कसं, हे त्यातून कळतं.

पाण्यातून निघालेले तुकडे टाकू नका. त्यांतलं बरंच आयोडीन गेलेलं असतं. बारीक चिरून थोडं सोया सॉस, साखर आणि व्हिनेगर घालून पाणी आटेपर्यंत शिजवले की जपानी त्सुकुदानी होतं. भाताबरोबर बोटभर पुरतं.

ओबुकुचा : वर्षाचा पहिला पेला

क्योतोमध्ये नव्या वर्षाच्या सकाळी ओबुकुचा पितात. त्याची कथा रोकुहारामित्सु-जी या मंदिराशी जोडलेली आहे. इसवी सन ९५१ मध्ये शहरात साथ पसरली होती, तेव्हा कूया नावाच्या भिक्षूने अकरा मुखांच्या कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या मूर्तीपुढे ठेवलेला चहा, त्यात उमेबोशी आणि कोंबू घालून, आजाऱ्यांना पाजला, असं सांगतात. सम्राट मुराकामी यांनीही तो घेतला, म्हणून तो राजाचा चहा झाला. पुढे तोच उच्चार ‘मोठं भाग्य’ अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहू लागले. आजही त्या मंदिरात जानेवारीचे पहिले तीन दिवस हा चहा देतात. कोंबू का, याचं एक उत्तर शब्दात आहे. जपानीत आनंद होणं म्हणजे ‘योरोकोबु’. त्याचा शेवट ‘कोबु’ने होतो. आणि गाठ का, तर गाठ म्हणजे नातं जुळणं.

एका माणसासाठी ८ सेंटीमीटर लांब आणि बोटाच्या निम्म्या रुंदीची कोंबूची पट्टी घ्या. कोमट पाण्यात ती दहा मिनिटांत लवचिक होते. तिला सैल गाठ मारा. घट्ट ओढलीत तर पट्टी कडेला चिरते. भिजवलेलं पाणी टाकून द्या. पेल्यात गाठ आणि एक छोटं उमेबोशी ठेवा, वरून दीडशे मिलिलिटर गरम जपानी हिरवा चहा ओता, सेन्चा किंवा भाजलेला तांदूळ घातलेला गेनमाइचा. दोन-तीन मिनिटं थांबा. आधी पाणी प्या, मग उमेबोशी आणि गाठ खा. वर्षातून एकदाच घ्यायचं पेय आहे, त्यामुळे इथे ग्रॅमचा हिशेब मी करत नाही.

दाशिमा-चा

कोरियातला दाशिमा-चा थोडक्यात सांगता येईल, कारण त्यात एकच वेगळी गोष्ट आहे : भाजणं. पुसलेल्या दाशिमाचे नखाएवढे तुकडे कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतायचे. काही मिनिटांत पानावर फोड येतात, वास समुद्राकडून भाजलेल्या धान्याकडे सरकतो आणि तुकडा बोटात कुडकन मोडतो. लगेच उतरवा, करपलेला कोंबू कडू लागतो. गार झाल्यावर बरणीत भरा. पेल्यात अर्धा ग्रॅम, म्हणजे दोन-तीन तुकडे, गरम पाणी ओतून पाच मिनिटं. ज्यांना कोंबूचा मूळ वास नको वाटतो, त्यांनी सुरुवात इथून करावी.

मुगाचं आणि कोंबूचं गोड कढण

कँटनीज, म्हणजे ग्वांगडोंग-हाँगकाँगकडच्या, माणसाच्या बोलण्यात ‘उष्ण’ आणि ‘थंड’ हे आपल्या आजीच्या बोलण्यात यावेत तितक्याच सहज येतात. उन्हाळ्यात अंगातली उष्णता उतरवायला ते मूग, हायदाय आणि खडीसाखर एकत्र शिजवतात. त्यात आणखी एक पाला घालतात, त्याला ते ‘वास मारणारं गवत’ म्हणतात. हा पाला म्हणजे आपली सताप. कोकणात परसात लावतात, बाळाच्या उशाशी ठेवतात, तीच. दोन देशांच्या परसात एकच झाड आहे हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला, आणि हाँगकाँगच्या गोड कढणाची चव आपल्याकडे अगदी तंतोतंत जमते ती या पाल्यामुळेच.

सहा वाट्यांसाठी १५० ग्रॅम हिरवे मूग, १० ग्रॅम वाळलेलं हायदाय, ८० ग्रॅम खडीसाखर आणि सतापीच्या दोन छोट्या डहाळ्या घ्या. संत्र्याची वाळलेली जुनी साल मिळाली तर एक तुकडा. तिकडे ती वर्षानुवर्षं मुरवलेली असते. चिनी पाककृतींत हायदाय याच्या दुप्पट-तिप्पट असतं. मी कमी केलं आहे, कारण वर सांगितलं आहेच.

मूग दोन तास भिजवा. हायदाय भरपूर पाण्यात तासभर भिजवून दोनदा पाणी बदला आणि घड्यांमधली वाळू बोटाने काढा. मग ते उकळत्या पाण्यात दहा मिनिटं शिजवून पाणी ओतून द्या. कँटनीज घरांत हे वास जावा म्हणून करतात. आपल्याला त्याचा दुसरा फायदा मिळतो : दहातले नऊ भाग आयोडीन गेलं असं धरलं, तरी सहा वाट्यांत मिळून २,००० मायक्रोग्रॅम उरतं, म्हणजे वाटीला साधारण ३३०. पहिलं पाणी तसंच ठेवलं असतं तर वाटीला तीन हजारांवर गेलं असतं. ही पायरी गाळू नका.

आता हायदाय नुडल्सएवढं बारीक चिरा. दीड लिटर पाण्यात मूग, हायदाय आणि संत्र्याची साल टाकून मंद आचेवर ४५ मिनिटं ते तासभर शिजवा. कुकर लावू नका. मूग फुटून पिठूळ होतात आणि हायदायचा चिखल होतो. मूग उकलले की खडीसाखर घाला. सताप अगदी शेवटी, पाच मिनिटांसाठी, आणि मग काढून टाका. जास्त वेळ राहिली तर सगळं कडू होतं. गरोदर बाईसाठी करत असाल तर सताप मुळीच नको. तिने गर्भाशय आकुंचन पावतं. तिच्यासाठी हायदायही नको, नुसत्या मुगाचं कढण करा.

गरम किंवा गार दोन्ही चालतं. मला ते फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी आवडतं. तोवर मुगाचा पिष्टमय रस आणि शेवाळाचा खारेपणा एकजीव झालेला असतो.

जे घरी करू नये

शेवाळाचं एक फार जुनं औषधी पेय चिनी आहे. चौथ्या शतकातला वैद्य गे होंग याने गलगंडासाठी ‘हायझाओ’ नावाचं शेवाळ मद्यात भिजवून ते घोटाघोटाने द्यायला सांगितलं होतं. आयोडीनचा शोध लागायला अजून जवळपास दीड हजार वर्षं होती. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वाला ते शेवाळाच्याच राखेत सापडलं. समुद्रापासून दूर, डोंगराळ मुलखातल्या गलगंडाला समुद्रातलं पान लागू पडतं हे त्या वैद्यांनी नुसत्या निरीक्षणाने ओळखलं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तरी ते पेय करू नका. हायझाओ हे सारगॅसम जातीचं शेवाळ आहे. चिनी औषधकोशात त्या नावाखाली ज्या दोन प्रजाती येतात, त्यातली एक म्हणजे जपानी हिजिकी. हिजिकीत विषारी असेंद्रिय अर्सेनिक जास्त असतं आणि भिजवलं की तेही पाण्यात उतरतं. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २००४ साली हिजिकी खाऊ नका असा सल्ला दिला आहे. शिवाय चिनी वैद्यकात एकमेकांशी न जमणाऱ्या औषधांच्या अठरा जोड्यांची परंपरागत यादी आहे. तिच्यात हायझाओ आणि ज्येष्ठमध ही जोडी येते. आपल्याला कुठल्याही काढ्यात ज्येष्ठमधाची कांडी टाकायची सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

सारगॅसम आपल्या मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरही उगवतं आणि वादळानंतर वाळूत ढिगाने येऊन पडतं. ते उचलून आणून काढा करण्याचा मोह टाळा. बंदराचं तेल आणि गावाचं सांडपाणी यांतली घाण आणि जड धातूही शेवाळ साठवतं.

शिहुआची जेली, लिंबू आणि मध

सगळ्यात निर्धास्तपणे करता येईल असं पेय तैवानचं आहे, आणि त्याचा मुख्य जिन्नस बऱ्याच मराठी घरांत आधीच असतो. चायना ग्रास. पुडिंगसाठी, फालुद्यासाठी आणलेल्या त्या पांढऱ्या काड्या म्हणजे लाल शेवाळातून काढलेला अगर. जपानमध्ये अशी कथा सांगतात की सतराव्या शतकात क्योतोजवळ फुशिमीच्या एका खानावळीच्या मालकाने उरलेली शेवाळाची जेली हिवाळ्यात बाहेर टाकली, रात्री ती गोठली, दिवसा वितळून वाळली आणि हलक्या कोरड्या काड्या उरल्या. त्या पुन्हा उकळल्या तर पुन्हा जेली! १८८१-८२ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेस या गृहिणीने नवऱ्याला जिवाणू वाढवायला जिलेटिनऐवजी अगर वापरायला सुचवलं, आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी ते उचललं. कारण साधं होतं : जिलेटिन उन्हाळ्यात वितळतं, अगर वितळत नाही. तो ३५ ते ४० अंशांना घट्ट होतो आणि पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या वर जावं लागतं. नागपूरच्या मे महिन्यातही ही जेली ओट्यावर शाबूत राहते.

तैवानमध्ये कीलुंग, रुइफांग, गोंगलियाओच्या किनाऱ्यावर वसंत ऋतूपासून उन्हाळ्यापर्यंत बायका समुद्रात बुडी मारून ‘शिहुआ’ खुडतात. ताजं शेवाळ जांभळट लाल असतं. गोड्या पाण्यात धुवायचं, उन्हात वाळवायचं, परत धुवायचं. सात वेळा धुऊन सात वेळा वाळवावं अशी तिथली म्हण आहे. प्रत्येक उन्हात रंग आणि वास थोडा-थोडा उडतो आणि शेवटी पिवळट पांढरं झुबकेदार गवत हाती येतं. उन्हाचं हे काम आपल्याला नवं नाही. पापड, कुरडया, सांडगे यांच्या वाळवणाला जी चिकाटी लागते, तीच इथे लागते.

वाळलेलं शिहुआ मिळालं तर ३० ग्रॅम घ्या. अर्धा तास भिजवून शिंपल्यांचे तुकडे आणि खडे निवडा. २ लिटर पाणी आणि १ चमचा व्हिनेगर घालून मंद आचेवर ५० मिनिटं ते तासभर शिजवा. आम्लामुळे शेवाळाच्या पेशी सैल होतात आणि अगर लवकर सुटतो. पाणी चमच्यावरून जाडसर ओघळायला लागलं की गरम असतानाच मलमलच्या कापडातून गाळा. गार होऊ दिलंत तर ते कापडातच गोठेल. थाळीत ओतून तसंच सोडा. तास-दीड तासात मऊ जेली तयार होते. तिला समुद्राचा हलका गंध असतो आणि मला तो हवासा वाटतो.

चायना ग्रासची पद्धत वेगळी आहे :

१. ५ ग्रॅम काड्या कात्रीने कापून अर्धा तास पाण्यात भिजवा.
२. पाणी पिळून काढा. पाऊण लिटर ताज्या पाण्यात काड्या टाकून मध्यम आचेवर ढवळत राहा. एकही धागा दिसेनासा होईपर्यंत, साधारण १० मिनिटं, उकळी धरून ठेवा. अर्धवट विरघळलेली काडी पेल्यात दाताखाली येते.
३. इथे व्हिनेगर किंवा लिंबू घालू नका. अगर आधीच सुटा झालेला असतो. आम्लात उकळला तर त्याचे धागे तुटतात आणि जेली नीट बसत नाही.
४. गाळून थाळीत ओता आणि गार होऊ द्या.

पुडिंगला लागते त्यापेक्षा ही जेली मुद्दाम सैल ठेवली आहे, कारण ती चमच्याने खायची नसून जाड नळीने ओढायची आहे. किसणीच्या मोठ्या भोकांवरून किसा किंवा काट्याने ओरबाडा. पेल्यात अर्ध्यापर्यंत जेली, त्यावर एका लिंबाचा रस, २ चमचे मध किंवा काळ्या गुळाचा पाक, आणि वर गार पाणी. तैवानमध्ये उसाच्या काळ्या साखरेचा पाक वापरतात, आपला कोल्हापुरी गूळ त्याच्या खूप जवळ जातो. मध उकळत्या पाण्यात घालायचा नाही हे आपल्याकडे सांगावं लागत नाही.

हीच जेली कोरियाच्या बुसान आणि जेजूमध्ये ‘उमु’ होते. उन्हाळ्यात तिचे लांब धागे करून थंडगार सोयाबीनच्या दुधात सोडतात आणि मीठ घालून वाडग्यातून पितात. जेजूच्या ज्या हेन्यो, म्हणजे पाणबुड्या बायका, त्यासाठी शेवाळ काढतात, त्यांच्या परंपरेचा युनेस्कोने २०१६ साली आपल्या यादीत समावेश केला. घरी करायचं तर १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, कच्चा वास जाईपर्यंत उकळा, सालं चोळून काढा, ७०० मिलिलिटर पाणी आणि २ चमचे भाजलेले तीळ घालून अगदी बारीक वाटा, गाळा, मीठ घाला आणि गार करा. गोड काही घालू नका. पहिल्यांदा विचित्र वाटेल, पण उन्हातून आल्यावर तहान भागवायला लिंबू-मधापेक्षा हे जास्त कामाला येतं.

अगरमध्ये आयोडीन कोंबूच्या मानाने फारच कमी असतं, आणि चायना ग्रासमध्ये तर प्रक्रियेत बहुतेक निघून गेलेलं असतं, म्हणून हे पेय उन्हाळाभर प्यालं तरी चालतं. फक्त लहान मुलांना जेलीचे मोठे गोळे देऊ नका, किसूनच द्या. घशात अडकलेली अगरची जेली तोंडाच्या उबेने विरघळत नाही. आणि शिहुआ वापरलं असेल तर कापडात उरलेला चोथा लगेच टाकू नका. एक लिटर पाणी आणि अर्धा चमचा व्हिनेगर घालून तो पुन्हा तासभर शिजवला की दुसरी जेली निघते. ती जरा पातळ असते आणि गुळाच्या पाकात चांगली मुरते. त्यानंतरचा चोथा कुंडीत घाला.